एनएसएस म्हणजे नुसते वाढीव गुण नव्हेत

कॉलेजातल्या उपक्रमांची एक यादी वाचली; तिच्यात एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) ‘वाढीव गुणांसाठी’ अशा एका ओळीत उरकलंय. हिशेब नीट सांगायला हवा होता: वर्षाला १२०, म्हणजे दोन वर्षांत २४० तास समाजसेवेचं काम, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. शिबिर चुकलं की प्रमाणपत्र अडतं. या तासांची नोंद ठेवायच्या डायरीवर कार्यक्रम अधिकाऱ्यांची (एनएसएस सांभाळणाऱ्या प्राध्यापकांची) सही त्याच आठवड्यात घ्या, मार्चमध्ये कुणाला काही आठवत नसतं.

शिबिरात शिकण्याजोगं खरं काम म्हणजे वनराई बंधारा, ओढ्याचं पाणी अडवायला पोती रचून केलेला तात्पुरता बांध. सिमेंटची रिकामी पोती वाळू-मातीने पाऊण भरायची, तोंड सुतळीने शिवायचं. हौसेने गच्च भरलेलं पोतं गोल होतं, नीट बसत नाही आणि फटीतून पाणी पळतं. विटांसारखे सांधे चुकवून थर लावायचे, तळ रुंद, माथा अरुंद. दोन रांगांच्या मधे चिकणमाती तुडवून भरली नाही, तर नुसती पोत्यांची भिंत पाझरतच राहते. पोती उन्हाने विरतात, त्यामुळे बंधारा एकाच हंगामाचा.

आणि हो, ओढा वाहता असतानाच, ऑक्टोबर-नोव्हेंबरात बांधा. जानेवारीच्या शिबिरात कोरड्या ओढ्यात बांधलेला बंधारा फक्त फोटोपुरता!