‘स्लाइड ठोका, नेम सुधारेल’: पण कोणत्या पिस्तुलाची?

ठाणे-नवी मुंबईतल्या नेमबाजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: जुन्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाच्या गोळ्या पसरायला लागल्या म्हणजे नळी झिजली, ती आतून मेटल पॉलिशने घासा, खडखडणारी स्लाइड (वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) तिची रेल, म्हणजे ती ज्या पट्ट्यांवर सरकते त्या, ठोकून घट्ट करा, कडक स्प्रिंग टाका, चाप हलका करा. वागळे इस्टेटमधला कुठलाही लेथवाला तासाभरात करून देईल. सोबत पुरावा म्हणून दोन टार्गेटचे फोटो, ‘आधी’ आणि ‘नंतर’.

फोटोंपासूनच सुरू करू, कारण लोकांना पटलंय ते त्यांच्यामुळेच. दोन्हीकडे पाच-पाच गोळ्या आहेत आणि त्या हातात धरून मारलेल्या आहेत. एकाच पिस्तुलातून, एकाच डब्यातली काडतुसं लागोपाठ मारली तरी पाचाचा एक ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या छिद्रांचा पसारा, दुसऱ्याच्या दीडपट सहज येतो. त्यात मारणाऱ्याचा श्वास, मनगट आणि घाई यांचीही भर पडते. पिस्तूल तपासायचं तर वाळूच्या पिशवीवर टेकवून, एकाच लॉटच्या (एकाच खेपेत बनलेल्या) काडतुसांनी, दहा-दहाचे चार-पाच ग्रुप मारा. मग दुसऱ्या लॉटने तेच करा. .22 बोअरच्या काडतुसांत एकाच कंपनीच्या दोन लॉटांत फरक पडतो, आणि ‘पिस्तूल म्हातारं झालं’ ही तक्रार बऱ्याचदा डबा बदलल्यावर मिटते. 25 मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ 50 मिमी व्यासाचं असतं. टेकवलेलं पिस्तूल सगळ्या गोळ्या त्यात ठेवतंय आणि हातात घेतल्यावर सात-आठ गुणांवर लागताहेत, तर ठोकायचं नक्की काय?

आता स्लाइड. हा सल्ला हवेतून आलेला नाही. अमेरिकेत .45 बोअरच्या ‘1911’ नावाच्या पिस्तुलांवर टार्गेटसाठी काम करणारे कारागीर स्लाइड दाबून, रेल ठोकून, मग घासून बसवत आले आहेत. पण त्या पिस्तुलात नळी हलती असते: गोळी सुटताना ती स्लाइडमध्ये अडकलेली असते, मग खाली झुकून मोकळी होते. शिवाय दोन्ही साइट (नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या खुणा) स्लाइडवर. म्हणून तिथेही खरा प्रश्न नळी दर वेळी स्लाइडमध्ये त्याच जागी बसते का, हा असतो. पिस्तूल रिकामं करा, मॅगझीन काढून चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी बघा, स्लाइड बंद करा आणि काडतूस बाहेर पडण्याच्या खिडकीतून दिसणारा नळीचा भाग अंगठ्याने खाली दाबा. तो दबून परत वर येत असेल तर लॉकिंग, म्हणजे नळीची स्लाइडमधली पकड, सैल आहे. ते सैल ठेवून नुसती रेल आवळली तर आवाज कमी होईल, ग्रुप जवळजवळ तसाच राहील.

आपल्याकडे .45 आणि 9 मिमी पिस्तुलं सर्वसाधारण परवान्यावर मिळतच नाहीत. क्लबात बहुतेक असतात ती .22 ची स्पोर्ट पिस्तुलं, पार्दिनी किंवा वॉल्थर जीएसपीच्या जातीची. यांत नळी पक्की बसवलेली असते, मागेपुढे होतो तो फक्त आतला बोल्ट (काडतुसामागचा ठोकळा), आणि साइट त्या बोल्टवर नसतात. बोल्ट थोडा खडखडला तरी नळी आणि साइट यांचं नातं बिघडत नाही. अपवाद एकच, आणि तो मान्य करायला हवा: जुन्या ब्राउनिंग धाटणीची .32 ब्लोबॅक पिस्तुलं (ज्यांत नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकत नाहीत). त्यांत नळी फ्रेममध्ये बसते पण साइट स्लाइडवर, त्यामुळे स्लाइडचं हलणं नेमात थेट उतरतं. पण स्वसंरक्षणाच्या त्या पिस्तुलाची रेल हातोडीने ठोकून तडा पाडून घेण्याइतकी टार्गेटची गरज कुणाला आहे?

मजकुरात ज्याचा उल्लेखच नाही ती गोष्ट म्हणजे साइट. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे 25 मीटरच्या पिस्तुलात दोन साइटमधलं अंतर जास्तीत जास्त 220 मिमी. म्हणजे साइटवरची चूक टार्गेटवर सुमारे 114 पट होते. मागच्या साइटचा स्क्रू सैल होऊन ती 0.2 मिमी सरकली तर मधोमध जाणारी गोळी 23 मिमी बाजूला, दहाच्या काठावर. स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या पट्टीवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की चोर सापडला.

नळी झिजते, हे खोटं नाही. पण .22 ची गोळी मऊ शिशाची, दाबही कमी. चांगली नळी हजारो-हजारो फेऱ्या टिकते. खाडीकाठच्या आपल्या हवेत ती झिजण्याआधी गंजण्याची शक्यता मला जास्त वाटते, विशेषतः जुलैत रेंजवरून भिजत येऊन पिस्तूल तसंच फोमच्या पेटीत बंद केलं तर. फोम ओल धरून ठेवतो. दुसरा नेहमीचा आरोपी म्हणजे नळीच्या तोंडाची कडा. लोखंडी रॉड तोंडाकडून घालून घालून ती खरचटते, आणि गोळीला शेवटचा स्पर्श तिचाच असतो. कान साफ करायची कापूसकाडी आतून बाहेर ओढत कडेवर गोल फिरवा. एखाद्या जागी कापसाचे तंतू अडकले तर तिथे खरखर आहे. ही कडा जाणकार आर्मरर (शस्त्रं दुरुस्त करणारा) नव्याने करून देतो. शिशाचा थर असेल तर ब्राँझचा ब्रश आणि सॉल्व्हंट पुरतं. त्यानंतर ग्रुप स्थिरावायला काही गोळ्या जातात, लगेच घाबरू नये. पॉलिशने मात्र रायफलिंगच्या, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या नळीतल्या खाचांच्या, धारा गोल होतात आणि तोंड रुंदावतं. ते परत येत नाही.

स्प्रिंगबद्दल थोडक्यात. झिजली असेल तर बदला, पण कंपनीने दिली तेवढ्याच ताकदीची. कडक स्प्रिंगला मॅच (स्पर्धेच्या) काडतुसाचा धक्का पुरत नाही, बोल्ट पूर्ण मागे जात नाही आणि रिकामी केस मध्येच अडकते. रॅपिडच्या, म्हणजे झटपट फेरीतल्या, तीन सेकंदांत हे झालं की कळतं.

चापाचा सल्ला यातला सगळ्यात वाईट. 25 मीटरच्या पिस्तुलाचा चाप ओढायला किमान 1000 ग्रॅम वजन लागलं पाहिजे; स्पर्धेआधी ते वजन टांगून तपासतात, कमी भरलं तर पिस्तूल बाद. ते राहू दे. सिअरची (हॅमर अडवून धरणाऱ्या खिट्टीची) धार चुकीच्या कोनात घासली की काही दिवस सगळं मस्त चालतं आणि मग एका फेरीला बोल्ट बंद होताना हॅमर (काडतूस पेटवणारा घोडा) मागोमाग पडतो: न ओढता दुसरी गोळी, तीही पिस्तूल वर उसळलेलं असताना.

राहिला लेथवाला. वागळे किंवा रबाळ्यातले कारागीर हुशार आहेत, याबद्दल वाद नाही. पण शस्त्र कायदा, 1959 च्या कलम 5 नुसार बंदुकीची दुरुस्ती, बदल आणि चाचणी या तिन्हींना परवाना लागतो, आणि परवाना नसलेल्या माणसाकडे पिस्तूल ठेवून आलात तर नुसत्या ताब्यासाठी कलम 3 आहेच. परवानाधारक दुरुस्तीवाला पिस्तूल हातात घेण्याआधी तुमचा परवाना मागतो आणि नंबर वहीत लिहितो. क्लबच्या सेक्रेटरीला विचारलंत तर त्याचा पत्ता मिळेल.