एक्स्टेन्शन बदललं म्हणून फोटो व्हेक्टर होत नाही

डीटीपी आणि फ्लेक्सवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘कोणताही जेपीजी लोगो एसव्हीजी म्हणून सेव्ह करा, कितीही मोठा केला तरी फाटणार नाही.’ हे चुकीचं आहे. जेपीजी फोटो म्हणजे पिक्सेल, म्हणजे रंगीत ठिपके; व्हेक्टर म्हणजे रेषा-वक्रांच्या आकड्यांनी साठवलेलं चित्र, म्हणून ते मोठं केलं तरी फाटत नाही, म्हणजे धूसर होत नाही. एसव्हीजी हा व्हेक्टर चित्रांसाठीचा फाइल-प्रकार, पण नुसतं एक्स्टेन्शन (फाइलच्या नावाचं शेपूट) बदलून ठिपक्यांच्या रेषा होत नाहीत. यावर विसंबून छपाईला पाठवलेलं काम वाया जातं, म्हणून लिहितोय.

२००१ साली एसव्हीजीचं मानक ठरलं तेव्हापासून त्याच्या पोटात फोटो जसाच्या तसा बसवायची सोय आहे. फाइल एसव्हीजी, पण आत तेच पिक्सेल. खात्री करायची तर फाइल नोटपॅडमध्ये उघडा. ‘इमेज’ टॅग (कोडमधली खूण) आणि त्यात अक्षर-आकड्यांची न संपणारी रांग दिसली, तर तो फोटोच. ‘पाथ’ टॅग आणि बिंदूंचे आकडे दिसले, तर व्हेक्टर.

खरं रूपांतर म्हणजे ट्रेसिंग, रंगांच्या कडा शोधून त्यांवर वक्ररेषा बसवणं. इंकस्केप या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी ‘ट्रेस बिटमॅप’ आहे, इलस्ट्रेटरमध्ये ‘इमेज ट्रेस’. गिंप या फोटो-एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सिलेक्शनचा (निवडलेल्या भागाच्या कडेचा) पाथ करून तो एसव्हीजीत एक्स्पोर्ट करता येतो.

पण ट्रेसिंगनेही हरवलेला तपशील परत येत नाही. १५० पिक्सेलच्या लोगोतलं ‘विठ्ठल’ ट्रेस करून बघा. वेलांटी शिरोरेघेला चिकटते, एकाखाली एक बसलेल्या दोन ‘ठ’ची पोटं बुजतात. अशा वेळी फाँट ओळखून अक्षरं नव्याने टाइप करा, ट्रेस फक्त चित्र करा. आणि माणसाचा फोटो फोटोच राहू द्या. ट्रेस केला की त्याचे हजारो तुकडे होतात आणि फाइल उघडायलाही जड जाते.