पिंपं मोजून झाली, आता पुन्हा मोजा

सकाळी एक मेल आली आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. मुदत संपलेल्या कीटकनाशकांच्या साठ्याची यादी 'अद्ययावत' करायची आहे, तुम्हाला अनुभव आहे, याल का? सोबत गोदामांचा तक्ता. त्यातलं तिसरं गोदाम माझं. म्हणजे नऊ वर्षांपूर्वी तिथली पिंपं मीच मोजली होती.

मास्क लावून तीन दिवस मोजली. बुडाशी गंज, लेबलं उडालेली, जमिनीवर पिवळट चिकट थर. प्रत्येकावर नंबराचं स्टिकर, एक फोटो. एकूण ४१. वॉचमन दारातच अंथरूण टाकून झोपायचे. शेवटच्या दिवशी म्हणाले, "मॅडम, गाडी कधी येणार हे न्यायला?" मी म्हटलं, येईल लवकरच.

कुठली गाडी! मोजायला पैसे होते, उचलायला नव्हते. अहवाल मात्र गुळगुळीत कागदावर छापला, माझ्या स्टिकरांच्या फोटोसकट.

उचलणं महाग आहे, मान्य. गळकं पिंप तसंच ट्रकवर टाकता येत नाही. माल नव्या पिंपांत भरायचा आणि खूप जास्त तापमानाच्या भट्टीत जाळायचा. तशी भट्टी बहुतेक गरीब देशांत नसते, म्हणून जहाजाने युरोपात पाठवायचा. पण हे काय आज कळलं? वर्षानुवर्षं न विरणाऱ्या विषारी रसायनांवरच्या २००१च्या स्टॉकहोम करारात स्पष्ट लिहिलंय की श्रीमंत देशांनी नवे आणि जादाचे पैसे द्यायचे, आणि विकसनशील देश करार कितपत पाळू शकतील हे त्या पैशांवर अवलंबून राहील. सह्या त्यांच्याच आहेत ना?

आता हिशेब बघा. अशा करारांना पैसे पुरवणाऱ्या जागतिक पर्यावरण सुविधा (जीईएफ) या निधीच्या २०२२ ते २०२६ या चार वर्षांच्या ५३३ कोटी डॉलरमधून रसायनं आणि कचऱ्याच्या वाट्याला आले साधारण ८० कोटी. त्यात पारा आला, जुन्या ट्रान्सफॉर्मरमधलं पीसीबी या विषारी रसायनाचं तेल आलं, आमची पिंपंही आली, आणि वाटेकरी शंभराच्या वर देश. रसायन उद्योगाची २०१७ सालची जगभरातली विक्री ५ लाख कोटी डॉलरच्या वर होती. या उद्योगाच्या मूळ रसायनांवर अर्धा टक्का शुल्क लावा, अशी सूचना कधीची पडून आहे. अर्धा टक्का हो! २०२३ साली बॉनला रसायनांसाठी नवा जागतिक आराखडा झाला, त्याला निधीही जोडला, पण ज्याला वाटेल त्याने द्यावा असा. देवळातल्या दानपेटीसारखा. जर्मनीने २ कोटी युरो जाहीर केले, बरं केलं. बाकीचे खिसे चाचपत बसले.

आणि जमत नाही असं सांगू नका. ओझोनसाठी जमलं होतं. माँट्रियल कराराचा निधी १९९१पासून आहे. फ्रिजच्या कारखान्याला ओझोनला मारक असा जुना वायू सोडून नव्यावर जायला जो जादा खर्च येईल, तो तिथून मिळायचा. यंत्रं बदलायला पैसे, नुसती यंत्रं मोजायला नाही. (कुणी म्हणेल, तिथे वायू बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या आणि पर्यायही हाताशी होते. ठीक आहे, मुद्दा बरोबर.)

कुणीतरी खाली लिहीलच की यादीशिवाय विल्हेवाट कशी लावणार. खरंय, नाही लावता येत. आणि आपलेच अर्थमंत्री या विषयाला अंदाजपत्रकात एक ओळ देत नाहीत, हेही खरंय. विषारी पिंपांवर मतं मिळत नाहीत. पण यादी करून नऊ वर्षं झाली!

थोडं शांत होऊन लिहिते. माझा राग खरं तर माझ्यावरही आहे. मानधन घेतलं, अहवालात नाव आलं, पुढच्या कामाला लागले. त्याच गोदामात वॉचमननी विचारलं होतं, यातलं एखादं रिकामं झालं तर धुऊन पाण्याला वापरू का? मी ओरडलेच त्यांच्यावर. ते नुसते हसले. घरात एक आधीच होतं की काय, हे मी तेव्हा विचारलं नाही.

दुपारी तक्ता पुन्हा उघडला. गोदाम क्रमांक ३, मागच्या वर्षीच्या पाहणीनुसार पिंपं: ३४.

मी ४१ मोजली होती. मेलला अजून उत्तर दिलेलं नाही. फक्त एवढंच विचारणार आहे की ते वॉचमन अजून तिथेच असतात का.