रोज जीव खाऊन पळू नका

"वेळ नाही? मग रोज 20 मिनिटं जीव खाऊन पळा. हळू पळाल तर हळूच राहाल. 4 मिनिटांचा तबाता (20 सेकंद पूर्ण जोर, 10 सेकंद विश्रांती, असं आठ वेळा) तासभर पळण्याच्या बरोबरीचा. मिनिटाला 180 पावलं पडलीच पाहिजेत. 30 दिवसांत पाच किलोमीटर 25 मिनिटांत!" हा मेसेज मला आतापर्यंत चार जणांनी पाठवलाय. चौघंही घर-नोकरी सांभाळून नुकतीच पळायला लागलेली माणसं. त्यांचं पळणं सुटू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे उत्तर.

हळू पळाल तर हळूच राहाल, हे आधी घेते, कारण सगळ्यात जास्त नुकसान यानंच होतं. पाच किलोमीटर पळायला लागणाऱ्या ऊर्जेतला 90 टक्क्यांहून जास्त भाग प्राणवायू वापरून तयार होतो. नवशिक्या अडतो तो बहुतेक वेळा दम पुरत नाही म्हणून. दम वाढायचा तर हृदयानं एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला हवं, स्नायूंमधलं केशवाहिन्यांचं जाळं दाट व्हायला हवं, पेशींतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) वाढायला हव्यात. यातलं बरंचसं काम गप्पा मारत पळता येईल अशा वेगातही होतं. शिवाय त्या वेगात दुसऱ्या दिवशी पाय भरून येत नाहीत, त्यामुळे आठवड्यात पुन्हा पळता येतं.

न्यूझीलंडचा पीटर स्नेल बघा. 1960 मध्ये रोममध्ये 800 मीटरचं सुवर्ण, 1964 मध्ये टोकियोत 800 आणि 1500 अशी दोन्ही. जेमतेम पावणेदोन मिनिटांची शर्यत पळणाऱ्या या माणसाला त्याचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आठवड्याला 160 किलोमीटरच्या आसपास पळवायचे, तेही बहुतांशी शर्यतीपेक्षा कितीतरी कमी वेगानं. तेवढं अंतर आपल्यासाठी नाही, हे उघड आहे. पण हळू पळाल्यानं माणूस हळूच राहत असता, तर स्नेल जिंकलाच नसता.

आता "रोज जीव खाऊन". मी हेच केलं होतं. घड्याळातले आकडे अजून लक्षात आहेत: पहिला किलोमीटर 5:40, दुसरा 6:35, तिसरा निम्मा चालत. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तीन आठवड्यांनी जिना उतरताना नडगीच्या आतल्या कडेला कळ यायला लागली. तिथे बोट दाबलं की डोळ्यांत पाणी यायचं. पाच आठवडे पळणं बंद. झालं असं की हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सरावतात, हाडांना आणि स्नायुबंधांना मात्र महिने लागतात. दम साथ देतोय म्हणून आपण ताणत जातो आणि नडगी मागे राहते. ज्याच्याकडे मुळात वेळ कमी, त्याला दुखापतीत गेलेले पाच आठवडे सगळ्यात महाग पडतात.

तबाताचा दावा अर्धवट आहे. ज्या अभ्यासावरून तो केला जातो, त्या 1996 च्या अभ्यासात प्राणवायू वापरायची क्षमता खरंच वाढली होती. पण ते सगळे आधीपासून खेळणारे तरुण विद्यार्थी होते, आणि प्रयोग स्थिर सायकलवर झाला. सायकलवर पाऊल जमिनीवर आपटत नाही. शिवाय आठवड्यातल्या पाच दिवसांपैकी एक दिवस त्यांना 30 मिनिटं मध्यम जोरानं सायकल चालवावी लागे. मेसेजमध्ये नेमकं हेच गाळलंय.

180 चा आकडा प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांच्या निरीक्षणातून आला. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये त्यांनी धावपटूंची पावलं मोजली होती. म्हणजे जगातले अव्वल धावपटू, भर शर्यतीत. वेग वाढला की पावलं आपोआप वाढतात. सावकाश पळताना 160-165 पडत असतील तर त्यात काही बिघडलेलं नाही. पाऊल शरीराच्या फार पुढे पडून टाच आपटत असेल, तरच ते जरा आखूड करा.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र खरी आहे: जोरात पळणंही लागतं. फक्त रोज नाही. आठवड्यात तीनदा अर्धा तास मिळत असेल तर दोन दिवस पूर्ण वाक्य बोलता येईल इतकं सावकाश पळा, अगदी मध्ये चालावं लागलं तरी. तिसऱ्या दिवशी दहा मिनिटं सावकाश, मग एक मिनिट वेगात आणि दोन मिनिटं चालत-पळत, असं सहा वेळा. वेगात म्हणजे सहावं मिनिटही पहिल्याइतकंच जमेल एवढं. तिसऱ्यालाच पाय जड झाले, तर पहिलं फार जोरात गेलं.

राहिले ते 30 दिवस. आज 32 मिनिटं लागणाऱ्याला महिन्यात 25 वर आणेन असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण वय, झोप, वजन आणि आधीची सवय प्रत्येकाची वेगळी. त्यापेक्षा एक ठरावीक रस्ता धरा. आज गप्पांच्या वेगात तो किती मिनिटांत होतो ते लिहून ठेवा. सहा आठवड्यांनी तशाच हवेत, तेवढ्याच आरामात पुन्हा पळा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा.