आगाऊ कर्जफेड करणाऱ्या आगाऊ लोकांसाठी

बोनस झाला, गावच्या जमिनीचा हिस्सा मिळाला, एखादी एफडी मॅच्युअर झाली, की काही जणांना दुर्बुद्धी सुचते. घराच्या कर्जात थोडे जास्तीचे पैसे भरून टाकावेत असं त्यांना वाटू लागतं. तुम्ही त्यांतले असाल तर आधी हे वाचा. मी नुकतेच पाच लाख भरून पाहिलेत आणि त्यातून मिळालेलं ज्ञान फुकट वाटतोय. बँका हल्ली कॅलेंडरसुद्धा मागितल्याशिवाय देत नाहीत, त्या मानाने हे बरंच म्हणायचं.

सगळ्यात आधी, कर्जाचं स्टेटमेंट उघडू नका. अजिबात नाही. ५० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं मुदत, तर हप्ता बसतो ४३,३९१ रुपये. पहिल्या हप्त्यातले ३५,४१७ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं ७,९७४ रुपयांचं. असले आकडे वाचले की झोप उडते, आणि या वयात झोप महत्त्वाची. २० वर्षांत मिळून १ कोटी ४ लाख भरायचेत, हे तर पाहूच नका. एक फ्लॅट तुम्ही बिल्डरकडून घेतलात आणि जवळपास तेवढ्याच किमतीचा दुसरा बँकेला घेऊन दिलात, एवढंच झालंय. दानाचा हिशेब ठेवू नये. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना सांगून ठेवलंय, की दर तिमाहीला ग्राहकाला स्टेटमेंट द्या आणि आजवर मुद्दल किती गेलं, व्याज किती गेलं, हप्ते किती उरले हे त्याला समजेल असं लिहा. ते स्टेटमेंट तुमच्या ईमेलमध्ये कुर्त्यांच्या सेलच्या खाली पडलंय. पडू दे.

रेपो रेटच्या, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्या दराच्या, बातम्याही वाचू नका. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला आणि तरी तुमचा हप्ता वाढला नाही, म्हणून तुम्ही बँकेचं कौतुक करत होतात. हप्ता नव्हता वाढला, मुदत वाढली होती. निवृत्तीच्या आधी फिटणारं कर्ज निवृत्तीनंतर सोबतीला आलं, तेवढाच विरंगुळा. पुढे २०२५ मध्ये रेपो उतरत उतरत ५.२५ पर्यंत आला. पण तुमचं कर्ज ऑक्टोबर २०१९ च्या आधीचं, एमसीएलआरवरचं, म्हणजे बँकेने स्वतःच्या खर्चावरून ठरवलेल्या दरावरचं, असेल तर ही उतरण तुमच्यापर्यंत पोचायला भरपूर वेळ घेते. रेपोवर बदलून घ्यायला एक अर्ज आणि थोडीशी फी लागते. म्हणून बदलू नका.

‘टॅक्स वाचतो, कर्ज राहू दे’ असं सांगणारा एक सीनियर प्रत्येक ऑफिसात असतो. त्याचं ऐका. वरच्याच कर्जाचं पहिल्या वर्षाचं व्याज सव्वाचार लाखांच्या आसपास जातं. जुन्या करपद्धतीत त्यातल्या २ लाखांची वजावट मिळते, म्हणजे तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेस धरून ६२,४०० रुपये वाचतात. बासष्ट हजार वाचवायला सव्वाचार लाख द्यायचे. तुम्ही नव्या करपद्धतीत असाल, आणि २०२३-२४ पासून वेगळं काही सांगितलं नाही तर तुम्ही तिच्यातच असता, तर राहत्या घराच्या व्याजावर एक रुपयाही वाचत नाही. पण हे त्या सीनियरला सांगू नका. त्याला वाईट वाटेल.

आता ज्यांनी दुसरा फ्लॅट ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हणून घेतलाय त्यांच्याकडे वळू. अशी मंडळी पुण्यात पैशाला पासरी. हिंजवडीच्या बाजूला ८० लाखांचा टू बीएचके, त्यावर ६० लाखांचं कर्ज, आणि तोंडी एकच वाक्य: भाड्यातून हप्ता सुटतो. साठ लाखांचा हप्ता ५२ हजार. भाडं धरा २२ हजार. सोसायटीचा मेंटेनन्स, महापालिकेचा मिळकतकर, दोन भाडेकरूंच्या मध्ये रिकामा जाणारा महिना, ब्रोकरची एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली आणि लीव्ह अँड लायसन्सच्या नोंदणीचा खर्च. नोंदणी करणं आपल्या राज्यात मालकाची जबाबदारी असते, हे मालकाला भांडण झाल्यावर कळतं. वर मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस. सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून ते जास्त घेता येत नाहीत असा सरकारचा आदेश २००१ पासून आहे, पण तुमच्या कमिटीने ‘ठराव पास केलाय’. तर हप्ता सुटतो, फक्त त्यातले तीसेक हजार दर महिन्याला तुमच्या पगारातून सुटतात.

अशा दोन-दोन कर्जांच्या धन्याला जास्तीचे पैसे मिळाले, तर कुठल्या कर्जात भरायचे? अर्थात भाड्याच्या फ्लॅटच्या. कारण सोपं आहे. भाड्याच्या घराचं व्याज भाड्याच्या उत्पन्नातून वजा करता येतं, अगदी नव्या करपद्धतीतही, भाडं संपेपर्यंत. राहत्या घराच्या व्याजावर तिथे काहीच मिळत नाही. म्हणजे ज्या कर्जाच्या व्याजाचा थोडा तरी उपयोग आहे ते आधी फेडायचं आणि ज्याचा काडीचा उपयोग नाही ते जपून ठेवायचं. दोन्हींचे व्याजदर वेगळे असतील तर महाग कर्ज कोणतं हेही तपासू नका. ‘तो फ्लॅट एकदा मोकळा झाला की डोक्याला ताप नाही’, बस्स.

घरातली सगळी गंगाजळी कर्जात ओता आणि पुढच्या महिन्यात हॉस्पिटलसाठी पर्सनल लोन घ्या.

बँकेने कर्जाबरोबर गळ्यात मारलेल्या विम्याची पॉलिसी शोधू नका, तिचा प्रीमियमही कर्जातच मिळवलेला सापडेल.

आता मुख्य सल्ला. एवढं सांगूनही पैसे भरायचेच असतील, तर शाखेत जा. ॲपवर ‘पार्ट पेमेंट’ असं बटण दिसतं, पण ते दाबल्यावर ‘कृपया आपल्या होम ब्रँचशी संपर्क साधा’ असा संदेश येतो. ते बटण बहुधा धीर यावा म्हणून ठेवलेलं आहे. होम ब्रँच म्हणजे जिथून तुम्ही कर्ज घेतलं ती, आता राहता तिथून शहराच्या दुसऱ्या टोकाची. तिथे लोनचं बघणाऱ्या मॅडम ट्रेनिंगला गेलेल्या असतात. त्या येतात तेव्हा प्रिंटर बंद असतो. पूर्वी मुदतीआधी पैसे भरले की बँका दंड लावायच्या. २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावरचा तो दंड बंद केला. चांगलं झालं. आता दंड पैशात घेत नाहीत, रजेत घेतात.

मग कागद. आधारची झेरॉक्स, पॅनची झेरॉक्स, दोन्हींवर सही. ज्या बँकेत माझा पगार जमा होतो तिला मी कोण हे नव्याने जाणून घ्यायचं होतं. पैसे कुठून आले याचं स्पष्टीकरण. ५० लाख देताना ‘सर, आजच सँक्शन करून टाकतो’ म्हणणारे हेच लोक ५ लाख परत घेताना माझ्याकडे संशयाने पाहत होते. आणि बरं का, हे चाललेलं असताना मीटर थांबलेलं नसतं. पाच लाखांवर साडेआठ टक्क्यांनी दिवसाला ११६ रुपये व्याज होतं. मॅडमच्या ट्रेनिंगचे ११६, प्रिंटरचे ११६, मधल्या शनिवार-रविवारचे २३२.

अर्जावर मी मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हींत, ठळक अक्षरांत लिहिलं होतं: हप्ता तोच ठेवावा, मुदत कमी करावी. खाली रेघ मारली होती. शिक्का मारून पोच घेतली होती. पुढच्या महिन्यात मेसेज आला: अभिनंदन, तुमचा ईएमआय कमी झाला आहे.

पुन्हा शाखेत गेलो. काउंटरवर आमच्या मुलाच्या वयाचा मुलगा.

“काका, हप्ता कमी झाला ना? मग चांगलंच की!”

“मी मुदत कमी करा असं लिहून दिलं होतं.”

“हो, पण सिस्टिम बाय डिफॉल्ट ईएमआयच कमी करते.”

“मग बदला.”

“त्याची वेगळी रिक्वेस्ट टाकावी लागेल, ती हेड ऑफिसला जाते. काकूंची पण सही लागेल, को-ॲप्लिकंट आहेत ना. आणि खात्यातून हप्ता कापायचं मॅन्डेट नवीन भरावं लागेल.” मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, “काका, तुमचा विम्याचा टर्म प्लॅन आहे का?”

आता या ‘बाय डिफॉल्ट’ची किंमत पाहा. वरचंच ५० लाखांचं कर्ज घ्या. वर्षभर हप्ते भरल्यावर ४९ लाख शिल्लक राहतात. (होय, वर्षाला पाच लाख वीस हजार भरून एकच लाख कमी झाला. म्हणून म्हटलं होतं, स्टेटमेंट उघडू नका.) त्यात ५ लाख जास्तीचे भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर मुदत साधारण चार वर्षांनी कमी होते आणि जवळपास १६ लाखांचं व्याज वाचतं. तेच ५ लाख, तोच दिवस, तीच बँक, पण मुदत तशीच ठेवून हप्ता कमी केला, तर हप्ता साधारण साडेचार हजारांनी उतरतो आणि व्याज वाचतं पाच लाखांच्या थोडं वर. फरक अकरा लाखांचा. एका खुणेचा फरक! फॉर्मवरच्या एका चौकोनात टिक कुठे केली याचा. आणि ती टिक मी केली होती. बँकेने ती पाहिली नाही.

सिस्टिम म्हणे. ही सिस्टिम काय आभाळातून पडली? कुणीतरी एसीत बसून ठरवलंय, की ग्राहक काही बोलला नाही तर बँकेला जास्त व्याज मिळेल तेच करायचं. आणि बोलला, लिहून दिलं, रेघ मारली, तरीही तेच करायचं. हप्ता कमी करून हवा असणारेही असतात, नाही असं नाही. नोकरी डळमळीत असेल, घरात आजारपण असेल, तर तेच शहाणपणाचं. पण विचारा ना माणसाला! कर्ज देताना दिवसातून चार वेळा फोन करता, ऑफिसात येऊन सह्या घेता, लग्नाच्या वाढदिवसाला शुभेच्छा पाठवता. पाच लाख परत घेतल्यावर एक फोन करून ‘मुदत की हप्ता?’ एवढं विचारायला काय दुखतं? त्या काउंटरवरच्या मुलाला मी काही बोललो नाही. त्याला टर्म प्लॅनचं टार्गेट आहे, माझ्या मुदतीचं नाही. टार्गेट लावणाऱ्यांना मात्र लाज वाटायला हवी.

कर्ज पूर्ण फिटलं तरी मूळ कागद मागायला जाऊ नका. डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांत कागद परत दिले नाहीत आणि उशीर बँकेमुळे झाला असेल तर बँकेला दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. बिचाऱ्यांना उगाच भुर्दंड. सोसायटीच्या दप्तरातला बँकेचा बोजाही राहू द्या. फ्लॅट विकायच्या दिवशी आठवेल.

आता गंमत पुरे, सरळ बोलतो.

बँक बँकेचं काम करतेय, व्याज कमावणं हाच तिचा धंदा. तुम्ही काय करताय? सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टँकरच्या दोनशे रुपयांवरून रात्री अकरापर्यंत गळे काढता. पार्किंगच्या पट्ट्यावरून शेजाऱ्याशी वर्ष-वर्ष बोलत नाही. आणि आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या खर्चाचे किती हप्ते उरलेत हे तुम्हाला सांगता येत नाही! विचारलं की ‘मिसेस बघते’. मिसेसना विचारलं की ‘हे बघतात’. बँकेला हेच हवंय. मी शाखेत बसलो होतो तेव्हा शेजारी एक गृहस्थ होते. त्यांनी काही वर्षांपूर्वी मोठी रक्कम भरली होती आणि ती कशात वळती झाली हे त्यांना आजतागायत माहीत नव्हतं. चांगले शिकलेसवरलेले. माझी कटकट ऐकून त्यांनी तिथेच बसून ॲप उघडलं. मुदत जिथल्या तिथे होती. माझ्याकडे पाहून ओशाळं हसले, फोन खिशात टाकला आणि म्हणाले, “जाऊ दे हो, आता कुठे भांडत बसायचं.”

जाऊ दे काय? तुमचे पैसे आहेत! भांडायला वेळ नाही आणि फुकट हप्ते भरायला वर्षं आहेत?

आज रात्री स्टेटमेंट काढा. शिल्लक मुद्दल, व्याजदर, उरलेले हप्ते, तीन आकडे कागदावर लिहा. दोन कर्जं असतील तर दोन कागद. पैसे भरताना अर्जाच्या दोन प्रती न्या, ‘हप्ता तोच, मुदत कमी’ असं लिहा आणि एका प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. पुढच्या महिन्यात बँकेच्या मेसेजवर न जाता उरलेले हप्ते मोजा. बदलले नसतील तर लेखी तक्रार करा, तिचा नंबर घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा थातुरमातुर आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार जाते, तिला एक पैसा लागत नाही. माझी गेलीय. आणि ‘सिस्टिममध्ये होत नाही’ असं कुणी म्हणालं, तर तेच वाक्य लेटरहेडवर लिहून मागा. देणार नाहीत. मग मॅनेजरच्या केबिनसमोर बसा. जेवायला गेलेत म्हणाले, तर जेवून येईपर्यंत बसा.