२५२० हा चमत्कार नाही, साधा लसावि आहे

रामानुजनांच्या फोटोखाली फिरणारा २५२०चा मेसेज आता इथे इंदुरात, सहावीतल्या भाचीच्या गणिताच्या वहीत उतरलाय. म्हणून हे लिहिणं भाग आहे. मेसेजचं म्हणणं असं: १ ते १० या सगळ्यांनी निःशेष भाग जाणारी संख्या अशक्य मानली जायची, ती रामानुजनांनी शोधली, अशी संख्या एकच, आणि तिचं गूढ ७ × ३० × १२ मध्ये, म्हणजे वार, दिवस आणि महिने यांत दडलंय.

अशक्य कुणी मानली? १ ते १० ओळीने गुणा, ३६,२८,८०० येतात. त्याला दहाही संख्यांनी भाग जाणारच. आणि 'एकच' कशी? २५२०च्या पाढ्यातली प्रत्येक संख्या चालते. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने 'लॉज' (कायदे) या ग्रंथात आदर्श नगरासाठी ५०४० जमीनधारक धरले ते याचसाठी, की त्यांचे १ ते १० असे कितीही समान वाटे पडावेत. रामानुजनांच्या दोन हजारांहून जास्त वर्षं आधी!

खरं आहे ते एवढंच, की २५२० ही अशा संख्यांतली सर्वांत लहान. पण ती निघते कशी, हे मेसेज सांगत नाही आणि मुलांचं नुकसान तिथेच होतं. हा निव्वळ लसावि (लघुत्तम साधारण विभाज्य), इथल्या शाळांतला एलसीएम. २चा सर्वांत मोठा घात ८मध्ये, ३चा ९मध्ये, ५ आणि ७ एकेकदा: ८ × ९ × ५ × ७ = २५२०. नुसत्या मूळ संख्या गुणल्या तर २१० येतात आणि ४ने भागल्यावर २ उरतात. सगळंच गुणलं तर उत्तर १४४० पट फुगतं, कारण ८ घेतल्यावर २ आणि ४ त्यात आलेच, ६ आणि १०सुद्धा वेगळे घ्यायचे नसतात. रीत कळली की पुढे जाता येतं. ११ने गुणा, २७,७२०. त्यात १२ आपोआप आला. १३ने गुणा, ३,६०,३६०. १४ आणि १५ आलेच. १६साठी आणखी एक २ लागतो: ७,२०,७२०.

७ × ३० × १२ हा गुणाकार बरोबर, गूढ काही नाही. ३६०ला १ ते १० पैकी फक्त ७ने भाग जात नाही. ७ने गुणलं की काम झालं.

रामानुजनांच्या नावावर लसावि खपवणं मात्र सगळ्यात वाईट. त्यांचा १९१५चा निबंध लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमध्ये आहे, कुणीही काढून बघावा. विषय आहे आपल्याहून लहान प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असलेल्या संख्यांचा. ४८ विभाजकांची २५२० त्यात आहे, पण सुरुवातीलाच. यादी ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत जाते. त्यांचं काम बघायचं तर तिथे बघा. १०२ संख्यांच्या त्या यादीतून एक सुटलीही: २,९३,३१,८६,२५,६००. तिच्यात २ सहा वेळा, ३ चार वेळा, ५ आणि ७ दोनदोनदा, ११, १३, १७, १९ एकेकदा. प्रत्येक घातात १ मिळवून गुणा: ७ × ५ × ३ × ३ × २ × २ × २ × २, म्हणजे ५०४० विभाजक.