खडू मोडायला दहा सेकंद, रिपोर्टला चार दिवस

गेल्या आठवड्यात वर्गात मी एक खडू मोडला. रागाने नाही, शिकवायला. राग नंतर आला.

सेकंड इयर मेकॅनिकल, विषय स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, दुपारी अडीचचं लेक्चर. म्हणजे डबे खाऊन पेंगुळलेली सत्तर पोरं, वर चार पंखे, त्यातला एक दिवाळीपासून बंद. टॉर्शन, म्हणजे पीळ, चालू होतं. फळ्यावर सूत्र लिहिलं की पोरं ते उतरवतात, भोवती लाल पेनने चौकट करतात आणि त्या चौकटीतच ते सूत्र पुरतात. मग मी एक कोरा खडू घेतला, दोन टोकं धरली आणि ओलं फडकं पिळतात तसा पिळला. कट्. तुकडे पहिल्या बाकावर दिले, म्हटलं हात लावून बघा, सरळ तुटलाय का? नव्हता तुटला. स्क्रूच्या आट्यासारखा तिरका गेला होता, अक्षाशी साधारण पंचेचाळीस अंशांत. दुसरा खडू वाकवून मोडला, तो मात्र सपाट, सुरीने कापल्यासारखा. म्हटलं, खडू तोच, हात तेच, मग असं का?

वर्ग गप्प. पण ती नेहमीची झोपेची शांतता नव्हती. तुकडे बाकांवरून मागे मागे सरकत गेले आणि शेवटून दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचा आवाज मी आख्ख्या सेमिस्टरमध्ये हजेरीपुरता ऐकला होता, तो म्हणाला, "मॅडम, आपण पिळतोय, पण तो तुटतोय ताणानेच ना? तिरकस दिशेने ओढला जाऊन?"

अहो, प्रिन्सिपल स्ट्रेस म्हणजे हेच की! खडू ताणाला कच्चा, म्हणून ताण जिथे सर्वात जास्त त्या तिरक्या रेषेवर फाटतो. पुढचा प्रश्नही त्यानेच विचारला, की माइल्ड स्टीलची सळई पिळली तर? ती सपाट तुटते, कारण ती शिअरला, म्हणजे थर एकमेकांवरून सरकवणाऱ्या जोराला, कच्ची. चौदा वर्षं शिकवतेय, असं लेक्चर वर्षातून दोनदा जमलं तरी नशीब.

चूक एवढीच झाली की स्टाफरूममध्ये चहा घेताना हे मी सांगितलं.

आमच्याकडे अॅक्रेडिटेशनची, म्हणजे कॉलेजच्या दर्जाला मान्यता देणाऱ्या तपासणीची, मॉक व्हिजिट पुढच्या आठवड्यात आहे. क्रायटेरिया कोऑर्डिनेटर सर शेजारच्याच टेबलावर बॉक्स फाइलींना लेबलं चिकटवत होते. त्यांनी मान वर केली. "मॅडम, हे इनोव्हेटिव्ह टीचिंगमध्ये टाका ना! आपल्याला त्यात दोन कमी पडतायत." आणि हातात फॉरमॅट. उपक्रमाचं नाव. उद्दिष्ट. कोणत्या कोर्स आउटकमशी (हा विषय शिकून पोराला काय यावं) संबंध. कोणत्या प्रोग्रॅम आउटकमशी (आख्खी डिग्री करून काय यावं) संबंध. लाभार्थी विद्यार्थी (लाभार्थी! मी खडू मोडला होता, घरकुल वाटलं नव्हतं). विद्यार्थ्यांचा फीडबॅक, त्याचा पाय चार्ट. उपक्रमाआधीच्या आणि नंतरच्या चाचणीचे गुण. इम्पॅक्ट अॅनालिसिस. हजेरीचा सह्यांचा कागद. जिओटॅग केलेले, म्हणजे जागेची नोंद असलेले, दोन फोटो.

मी म्हटलं, सर, फोटो कुठून आणू, दोन्ही हातांत खडू होता. सर म्हणाले, "मग परत घ्या ना सेशन."

इथे एक स्पष्ट करते, नाहीतर लगेच कुणीतरी म्हणेल की मॅडमना कामच नको. आउटकम बेस्ड एज्युकेशनच्या मूळ कल्पनेला माझा विरोध नाही. उलट ती कल्पना रास्तच आहे. मास्तरने किती धडे उरकले हे विचारू नका, पोराला शेवटी काय करता येतं ते विचारा, एवढीच तर ती आहे. १३ जून २०१४ ला भारत वॉशिंग्टन अकॉर्डचा, म्हणजे एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या मानणाऱ्या देशांच्या कराराचा, कायम सदस्य झाला, तेव्हा आम्ही काही जण खरोखर खूश झालो होतो. वाटलं, आता तरी कुणी वर्गात डोकावून बघेल. डोकावतंय कोण? सगळे फाइलीत डोकावतात. "मुलाला काय येतं" याचं आमच्याकडे भाषांतर झालं "मुलाला काय येतं याचा कागद कुठाय".

त्या कागदाची तऱ्हा ऐका. अटेनमेंटमध्ये, म्हणजे पोरांनी आउटकम किती गाठले त्या आकड्यात, विद्यापीठाच्या परीक्षेचा वाटा सर्वात मोठा. विद्यापीठ आम्हाला काय देतं? मुलाचे त्या विषयातले एकूण गुण. कुठल्या प्रश्नाला किती मिळाले ते नाही. माझ्या विषयाचे सहा कोर्स आउटकम आहेत: एकात साधा स्ट्रेस-स्ट्रेन, एकात शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंट, एकात टॉर्शन, असे. पोराला पेपरात साठ टक्के पडले की एक्सेलमध्ये सहाही आउटकमसमोर साठ. टॉर्शनचा प्रश्न त्याने सोडवला की सोडून दिला, देव जाणे. सहाही रकान्यांत तोच आकडा, आणि त्याची सरासरी काढून आम्ही दोन दशांश स्थळांपर्यंत लिहितो. तीनपैकी २.१७. काय अचूक! दशांश चिन्हापुढचा तो सात कुठून आला हे मला विचारा, मी तुम्हाला एक्सेलची ओळ दाखवीन, पोरगा दाखवता येणार नाही.

बरं, आकडा टार्गेटपेक्षा कमी आला तर अॅक्शन प्लॅन लिहा. जास्त आला तर टार्गेट वाढवा. त्यामुळे शहाणी माणसं टार्गेट आधीच असं ठेवतात की आकडा किंचित वर जावा आणि पुढच्या वर्षी तेही किंचित वर नेता यावं. मीही ठेवलंय. खोटं कशाला बोलू.

मॅपिंगची, म्हणजे कुठला विषय कुठल्या आउटकमला किती हातभार लावतो ते ठरवण्याची, मीटिंग तर विचारूच नका. प्रोग्रॅम आउटकमपैकी एक आहे आयुष्यभर शिकत राहण्याची वृत्ती. टॉर्शन शिकल्याने ती वृत्ती कितपत वाढते, १ द्यायचा की २, यावर मागच्या गुरुवारी आम्ही सात जण चाळीस मिनिटं भांडलो. सातांत दोन पीएचडी. शेवटी १ ठरला, कारण २ दिला तर पुरावा मागतील. आणि आउटकम लिहिताना "समजणे" हे क्रियापद आमच्या समितीने बाद केलंय, मोजता येत नाही म्हणे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ब्लूमने १९५६ मध्ये विचारांच्या पायऱ्या मांडल्या, २००१ मध्ये त्या सुधारल्या गेल्या, सुधारलेल्या यादीत दुसरी पायरीच "समजणे" आहे. आमच्या समितीने ती जिन्यातून काढून टाकली. पोरांनी उडी मारून थेट "विश्लेषण करणे"वर जायचं.

आणि जातात की! कसे जातात ते सांगते. सबमिशनच्या आठवड्यात या.

यूटीएमवर, म्हणजे सळई ओढून तोडणाऱ्या यंत्रावर, टेन्शन टेस्ट. वीस पोरांच्या बॅचला सळई एक. यंत्राच्या जवळ उभी राहतात चार, त्यांच्या खांद्यावरून बघतात सहा, उरलेली दहा मोबाइलमध्ये. सळई तुटते, मोठा आवाज होतो, सगळे "ओऽऽ" करतात, संपला प्रयोग. कप अँड कोन (एक तोंड वाटीसारखं, दुसरं शंकूसारखं) कशाला म्हणतात हे त्या तुटलेल्या तोंडाकडे बघूनच कळतं, पण तो तुकडा हातात घेऊन बघणारं पोर मला विरळाच दिसलंय. जर्नलात रीडिंग मागच्या वर्षीचं. मी एकदा गंमत म्हणून चार वर्षांची जर्नलं शेजारी शेजारी ठेवली, यील्ड पॉइंट (जिथे पोलाद कायमचं ताणलं जायला लागतं) सगळ्यांचा एकच! पोलादाने इतकं सातत्य दाखवलं, तेवढं पगाराच्या तारखेने दाखवलं असतं तर.

ड्रॉइंगची शीट तर हातानेच काढायची, आणि "हाताने" म्हणजे जीटी. ज्यांनी इंजिनिअरिंग केलंय त्यांना जीटी सांगायला नको. इतरांसाठी: काच घ्यायची, खाली दिवा लावायचा, मित्राची शीट त्यावर, आपली कोरी शीट त्यावर, आणि रात्रभर रेघा ओढायच्या. मीही मारली आहे, माझ्या सरांनी त्यावर डोळे मिटून सही केली आहे, आणि आज मीही करते. सत्तर पोरं, प्रत्येकाचे दहा-दहा रायट-अप, प्रत्येकावर सही आणि तारीख. सातशे सह्या. त्यांनी न वाचता लिहिलेलं मी न वाचता तपासते. दोन्ही बाजूंना हे माहीत आहे. मुलांच्या बोटांना घट्टे, माझ्या मनगटाला क्रेप बँडेज, आणि याला नाव टर्मवर्क.

पोरांवर चिडू की नको, मला ठरवता येत नाही. परीक्षेच्या आधी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून प्रश्नोत्तरांचं पुस्तक आणायचं, मागच्या पाच वर्षांचे पेपर बघायचे, त्यातलेच आकडे बदलून येतात, पास. ही वाट आम्हीच पाडून दिली ना? आडवाटेने जाऊन खडूबद्दल विचार करणाऱ्याला कुठे काय मिळतं? केटी, म्हणजे तो विषय पुन्हा द्यायचा.

त्या शेवटून दुसऱ्या बाकावरच्या मुलाचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी तो स्टाफरूमच्या दारात आला. हातात वही. "मॅडम, पाच मिनिटं आहेत का? शिअर फोर्स जिथे शून्य होतो तिथेच बेंडिंग मोमेंट सर्वात जास्त का येतो, ते सूत्राने कळतंय, पण वाटत नाहीये." वाटत नाहीये! हा शब्द शिक्षकाला किती वर्षांनी ऐकायला मिळतो, माहितीये का? माझ्या समोर स्क्रीनवर अटेनमेंटची शीट, पाच वाजेपर्यंत द्यायची, एचओडी सरांचे दोन फोन येऊन गेलेले. मी म्हटलं, "उद्या ये रे." उद्या आला. उद्या खडूचा रिपोर्ट चालला होता. "परवा ये." परवा तो आला नाही. काल कॉरिडॉरमध्ये दिसला, मी हाक मारली, तर म्हणाला, "राहू दे मॅडम, बघितलं यूट्यूबवर." नम्रपणे म्हणाला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

आणि कुणी असं समजू नका की काय केल्याने शिकणं सुधारतं हे गूढ आहे. २०१४ मध्येच, वॉशिंग्टन अकॉर्डच्याच वर्षी, अमेरिकेत स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात सरासरी ३३.८ टक्के नापास, मुलांना विचार करायला, बोलायला, सोडवायला लावणाऱ्या वर्गात २१.८ टक्के. हार्वर्डमध्ये एरिक मॅझर नव्वदच्या दशकापासून हेच करतायत: प्रश्न टाका, शेजाऱ्याशी भांडू द्या, मग उत्तर. लांब कशाला, आपल्या आयआयटी मुंबईत प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या वर्षाच्या शेकडोंच्या वर्गात "आधी एकटा विचार, मग जोडीने, मग सगळ्यांत" हे करून, मोजून दाखवलंय. यातल्या कशालाही स्मार्ट बोर्ड लागत नाही. शिक्षकाकडे वेळ लागतो, आदल्या रात्री एक बरा प्रश्न शोधायला. आणि वर्गात मावतील इतकी पोरं लागतात. २०१८ मध्ये एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, पंधरा मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण वीसवर नेलं, कागदावर ते वीसही आमच्याकडे कसं बसवतात ते लिहिलं तर उद्या मला बसवतील घरी.

एफडीपी, म्हणजे शिक्षकांची प्रशिक्षणं, त्याही करून झाल्या. पाच दिवसांची "अॅक्टिव्ह लर्निंग"वरची होती एक. पाचही दिवस, सकाळी दहा ते पाच, पीपीटी. वक्ते स्लाइड वाचत होते, आम्ही साठ प्राध्यापक मागच्या बाकांवर आपापल्या एक्सेल भरत होतो. शेवटी सर्टिफिकेट मिळालं, तेही फाइलीत लागलं.

असो. रिपोर्ट काल दिला. चार पानं, पाय चार्टसकट. "इम्पॅक्ट"मध्ये मी लिहिलं होतं: एका विद्यार्थ्याने दुसऱ्या दिवशी येऊन आपणहून प्रश्न विचारला. ते लाल पेनने खोडून परत आलं, "संख्यात्मक द्यावे" असा शेरा. फोटोही नापास. बदली फोटो म्हणून मी रिकाम्या वर्गात खडू धरून एक काढला होता, त्यात जिओटॅग नीट आलाय, पण बॅनर नाही. बॅनर हवा: कॉलेजचा लोगो, विभागाचं नाव, उपक्रमाचं नाव, तारीख त्या दिवशीचीच.

तर उद्या साडेदहाला तो खडू पुन्हा मोडायचाय. माझ्या वर्गाची त्या वेळेला युनिट टेस्ट आहे, म्हणून फोटोला कॉम्प्युटरची पोरं बसवणार आहेत. सरांनी बजावलंय, खडू रंगीत घ्या, पांढरा फोटोत दिसत नाही.